आधी एक जगवून दाखवा

फोटो पाठवणं आजपासून बंद. साताऱ्यातल्या, सांगलीतल्या, पुण्या-मुंबईला गेलेल्या माझ्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांना ही ताकीद आहे. ज्यांना मी कधी शिकवलं नाही, पण ज्यांच्या गॅलरीत फळीला बांधलेला स्टॅगहॉर्न फर्न लटकतो आहे, त्यांनीही ती आपल्यालाच आहे असं समजावं. "बाई, हा माझा नववा." "बाई, हा थायलंडहून मागवलाय." "बाई, याचं नाव ओळखा बरं." नाव मी ओळखते. मला विचारायचंय ते पहिल्या आठांचं काय झालं ते. मेलेल्याचा फोटो आजवर एकानेही पाठवलेला नाही. मागच्या दिवाळीत ज्या भिंती दाखवल्या होत्या, त्यांवरच्या किती फळ्या आज रिकाम्या आहेत, असं विचारलं की तुमचे निरोप पंधरा दिवस बंद असतात. मग एक दिवस दहाव्याचा फोटो येतो.

हौसेला मोल नाही म्हणतात. इथे आहे, आणि ते झाड चुकतं करतंय.

माझा राग त्या नेच्यावर नाही. सांबराच्या शिंगांसारखी फुटलेली पानं, मागे ढालीसारखं चिकटून बसलेलं गोल पान, कुंडी नाही, माती नाही; असं झाड घरात असावं असं कोणालाही वाटेल. राग आहे तो तुम्ही ते जमवता आणि शिकत नाही याचा. वनस्पतिशास्त्रात चांगले मार्क घेऊन बाहेर पडलेली माणसं तुम्ही, आणि झाड विकत घेताना विचारता काय, तर "मेंटेनन्स किती?" जणू मोटरसायकल घेताय.

तेव्हा बसा. पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही ज्याला स्टॅगहॉर्न म्हणता त्या प्रजातीचं नाव प्लॅटिसेरियम. जगात याच्या अठराच्या आसपास जाती. बऱ्याचशा ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि आग्नेय आशियात, काही आफ्रिकेत आणि मादागास्करमध्ये, आणि एक पार पलीकडे पेरू-बोलिव्हियात. आपल्याकडे नर्सरीत सर्रास मिळतो तो बायफर्केटम, मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाकडचा. हे सगळे झाडावर राहणारे नेचे. जमिनीशी संबंध नाही, म्हणून मुळांना मातीतून काही मिळायचं नाही. पाऊस, धुकं, वरून पडणारा पालापाचोळा आणि त्यात कुजणारे किडे, एवढ्यावर संसार. हा संसार चालावा म्हणून या झाडाने दोन प्रकारची पानं ठेवली आहेत. शिंगांसारखी पानं अन्न तयार करतात आणि बीजाणू धरतात. मागची ढालीसारखी पानं मुळं झाकतात, झाडाच्या सालीला घट्ट धरून ठेवतात, पाणी साठवतात आणि वरून पडलेला कचरा अडवतात. ही ढाल थोड्या दिवसांनी तपकिरी होते, कागदासारखी वाळते. वाळली तरी तिचं काम संपत नाही. नवी ढाल जुनीवर चढते, आणि आतल्या वाळक्या थरांची हळूहळू माती होते. ती या झाडाची स्वतः तयार केलेली जमीन.

आता विश्रामबागेतल्या त्या बाईंनी उभं राहावं, ज्यांनी "पिवळं-तपकिरी झालेलं सगळं काढून स्वच्छ केलं" असं मला अभिमानाने कळवलं होतं. तुम्ही पान काढलं नाहीत. तुम्ही त्या झाडाचं अंथरूण, पाण्याची टाकी आणि शेत एकाच वेळी उचलून केराच्या टोपलीत टाकलंत. घरात झाडू मारायची इतकी हौस असेल तर फरशी आहे.

गोडोलीतल्या गृहस्थांचा प्रश्न वेगळा होता. शिंगांच्या टोकांना खालच्या बाजूने तपकिरी मखमलीसारखे पट्टे आले. यांनी बुरशी समजून फवारा मारला, आणि नंतर विचारलं, "बाई, औषध बरोबर होतं ना?" अहो, ते बीजाणू होते! नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या मागच्या बाजूला बीजाणू, बीजाणूपासून नखाएवढं हिरवं प्रोथॅलस, त्यावर पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाणारे नरबीज, आणि मग नवा नेचा. अकरावीला ही आकृती पेन्सिलने काढून, नावं देऊन, खाली अधोरेखित करून घेतली होती मी. ज्या दिवशी ते झाड वयात आलं त्याच दिवशी तुम्ही त्याच्यावर औषध मारलंत.

औषधाचं निघालंच आहे तर तासगाव-पलूसकडच्या मंडळींनी कान टवकारावेत. घरात द्राक्षबाग आहे, पंप आहे, मोरचूद आहे, म्हणून बागेवर मारून उरलेलं बोर्डो नेच्यावर मारायचं नसतं. द्राक्षवेलीला जे चालतं ते नेच्याला चालेल असं कुठल्या पुस्तकात वाचलंत? तांब्याची औषधं आणि तेलकट फवारे नेच्यांच्या पानांना सहज भाजतात. फळीवर बांधायला तांब्याची तारही वापरू नका. खवले कीड आली तर बोटाने किंवा जुन्या टूथब्रशने हळूच काढा. दहा मिनिटांचं काम आहे, त्याला पंप लागत नाही.

आणि पानं पुसणारे! दुधात कापूस बुडवून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून पानं चमकवणारे तुमच्यात निघावेत याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. रबर प्लांटची सवय इथे आणलीत. स्टॅगहॉर्नच्या पानावर जी पांढुरकी लव दिसते ती धूळ नाही. ताऱ्याच्या आकाराचे बारीक केस आहेत ते. कडक ऊन परतवायचं आणि पानातलं पाणी उडू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. तुम्ही ते पुसून झाडाला उघडं केलंत, वर तेलाने पानाची छिद्रं बुजवलीत. पान चमकलं. फोटो छान आला. महिन्याने पान गेलं. हिशोब बरोबर आहे.

आता पाणी. इथे जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमची निम्मी झाडं पाण्याने मेली आहेत; काही पाण्याविना आणि काही पाण्यात.

तुम्ही कुठून तरी वाचता, "आठवड्यातून एकदा पाणी द्यावं." ज्याने ते लिहिलं तो मेलबर्नला राहतो की फ्लोरिडाला, हे कधी पाहिलंत? आपण राहतो तो मुलूख बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून घाट उतरून सातारा शहरात आलं की तो हजाराच्या आसपास येतो. माण, आटपाडी, जतकडे गेलं की पाचशेच्या घरात. शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये आकाश इतकं बदलतं. आणि एकाच गावातही जुलै आणि एप्रिल हे दोन वेगळे देश असतात. जुलैत साताऱ्यात कपडे वाळत नाहीत. एप्रिलमध्ये सांगलीत ओला टॉवेल तासाभरात पापड होतो. मग वर्षभर रविवार सकाळ ठरवून पाणी घालणाऱ्याला मी काय म्हणू?

नियम एकच. फळी उचला. जड लागली तर आत ओल आहे, पाणी देऊ नका. हलकी लागली तर बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवा, निथळू द्या, परत टांगा. मार्च ते मे आपल्याकडची हवा कोरडी असते. त्या दिवसांत एखाद्या झाडाला रोजही पाणी लागेल, विशेषतः फळी लहान असेल तर. ते पाणी सकाळी द्या. पश्चिमेच्या गॅलरीतून फळी काढून पूर्वेला न्या, नाहीतर शेडनेटच्या सावलीत घ्या. जूनमध्ये पाऊस लागला की झाड उघड्यावर सोडून "निसर्गाच्या स्वाधीन केलं" असं म्हणू नका. चार-चार दिवस पावसाची झड लागली, वारा खेळला नाही, मागे कोकोपीट ठासून भरलेलं असलं, की ढालीच्या बुडापासून काळं पडायला लागतं. काळं पडलं म्हणजे कुजतंय. अशा वेळी पागोळ्याखालून आत, पण हवेशीर जागी घ्या. घरात कोंडू नका.

आणि पाणी कुठलं? सांगली-मिरजेकडे पुष्कळ घरांत बोअरचं पाणी मचूळ असतं. बादलीच्या कडेला पांढरा क्षार दिसतो तोच झाडाच्या मुळांपाशी साठतो. पावसाळ्यात पिंपभर पाणी धरून ठेवा. तेवढं जमत नसेल तर निदान महिन्यातून एकदा चांगल्या पाण्याने फळी धुऊन काढा. यासाठी पैसे लागत नाहीत, म्हणून कोणी करत नाही.

खताबद्दलही सांगते. केळीची साल ढालीमागे खोचायची, चहाचा चोथा भरायचा, हे तुम्हाला कोणी शिकवलं माहीत नाही. मुंग्या येतात, चिलटं येतात, आतली ओल वाढते आणि कूज धरते. झाड वाढत असताना द्रवखत सांगितलेल्या प्रमाणाच्या पाव ताकदीने, पंधरा दिवसांनी एकदा. बास. झाड उपाशी मरण्याआधी तुमच्या प्रेमाने मरतं.

पुढे. शाहूपुरीतला एकजण "सुपरबम"ला पिल्लं कधी येतील म्हणून दोन वर्षं वाट पाहतोय. विकणाऱ्याने सांगितलं होतं म्हणे, "वर्षात पाच-सहा पिल्लं होतील, पैसे वसूल." अरे, सुपरबमला पिल्लं येतच नाहीत! ग्रँडेलाही नाहीत. या जाती एकट्याच वाढतात, मोठ्या होत जातात आणि फक्त बीजाणूंनी पसरतात. बायफर्केटमला पिल्लं येतात म्हणून सगळ्यांना येतात, हा कुठला न्याय? आणि सुपरबम व ग्रँडे यांतला फरक तरी सांगता येतो का? 1970 पर्यंत शास्त्रज्ञही दोघांना एकच समजत होते, तेव्हा चुकलात तर क्षमा आहे. पण हजारो रुपये मोजून ग्रँडे म्हणून सुपरबम घरी आणलात आणि शिंगाच्या पानावर बीजाणूंचा पट्टा एक आहे की दोन हे पाहायची तसदी घेतली नाहीत, याला क्षमा नाही. एक असेल तर सुपरबम, दोन असतील तर ग्रँडे.

बायफर्केटमला पिल्लं आली की दुसऱ्याच दिवशी सुरी घेऊन बसणाऱ्यांनाही दोन शब्द. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड होव नावाचं बेट आहे. तिथल्या या नेच्याच्या वसाहतींचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. एका वसाहतीतली सगळी झाडं सारखी नसतात असं त्यात दिसलं. वरच्यांची पानं पाणी मध्याकडे वळवतात, खालच्यांची स्पंजासारखी ते धरून ठेवतात, आणि काही तर बीजाणू धरतच नाहीत. मधमाश्यांच्या पोळ्यात कामं वाटलेली असतात तसं काहीसं इथे चाललेलं आहे का, असा प्रश्न त्या संशोधकांना पडला. तुम्हाला मात्र एकच प्रश्न पडतो, एका पिल्लाचे किती येतील. पिल्लाला स्वतःची ढाल आणि स्वतःची मुळं येऊ द्या. त्याआधी कापलंत तर पिल्लूही जातं आणि आईच्या ढालीला पडलेल्या भोकातून पाणीही शिरतं.

आणि ज्याने वॉलिचाय मागवून घेतला, हिवाळ्यात त्याची पानं गुंडाळली म्हणून "मेला" समजून फेकून दिला, त्याने आजच्या तासाला बाकावर उभं राहावं. ही आपल्या देशातली जात. मणिपूरच्या जंगलात सापडते, पलीकडे म्यानमार, थायलंड, युनानमध्ये. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नथॅनिएल वॉलिच यांचं नाव तिला आहे. तिचे बीजाणू हिरवे असतात आणि फार दिवस टिकत नाहीत. कोरड्या दिवसांत हे झाड पानं मिटून झोपतं आणि पाऊस आला की उठतं. तुम्ही झोपलेल्याला मेला समजून बाहेर टाकलंत. साताऱ्यात बसून मणिपूरचं झाड केराच्या गाडीत घालायचं धाडस करणाऱ्याला मी आता काय शिकवू?

इथवरच्या चुका अज्ञानाच्या आहेत. अज्ञान मी सोडते. माझा धंदाच तो होता. पुढची गोष्ट मात्र अज्ञानाची नाही.

पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिम भागात ज्यांची घरं आहेत, त्यांनी परसातल्या जुन्या आंब्याकडे एकदा मान वर करून पाहावं. फांदीच्या बेचक्यात तपकिरी, कागदासारख्या वाळक्या पानांचं घरटं दिसेल, आणि पावसाळा असेल तर त्यातून वर आलेली, खोल कापलेली, लांब हिरवी पानं. हे बाशिंग. वांदरबाशिंगही म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. स्टॅगहॉर्नच्याच कुळातला, पॉलिपोडिएसी, आणि त्याच्यासारखाच दोन पानांचा संसार करणारा नेचा. वाळकी पानं पालापाचोळा अडवून झाडाला माती तयार करून देतात, हिरवी पानं अन्न बनवतात आणि मागे बीजाणू धरतात. उन्हाळ्यात हिरवी पानं गळतात, जूनमध्ये परत येतात. तुम्ही थायलंडहून मागवता तीच युक्ती, सह्याद्रीने तुमच्या आंब्यावर फुकट टांगून ठेवली आहे.

आणि तुम्ही काय करता? "बांडगूळ चढलंय" म्हणून कोयत्याने खरवडून काढता.

बांडगूळ वेगळं. बांडगुळाचं मूळ फांदीच्या लाकडात घुसतं, झाडाचा रस ओढतं, फांदी वाळवतं. शेतकरी ते कापतो ते बरोबरच करतो. बाशिंग सालीवर फक्त बसलेलं असतं. झाडाकडून त्याला बसायला जागा पाहिजे, बाकी काही नको. ओळखायचं कसं? बांडगुळाची फांदी आंब्याच्या फांदीतूनच फुटल्यासारखी दिसते, जोडाशी गाठ असते, त्याला फुलं-फळं येतात. बाशिंगाचं खोड जाड, खवल्यांनी भरलेलं, सालीवरून सरपटत गेलेलं असतं, आणि त्याला फूल कधीच येत नाही. एवढा फरक ज्याला माहीत नाही त्याने दिवाणखान्यात सुपरबम टांगू नये. हातात काय आलंय हे आधी कळायला हवं.

याच्या उलट टोकाची जातही तुमच्यात तयार झाली आहे. कोणीतरी सांगितलं की बाशिंगही छान दिसतं, फळीवर बसतं. मग रविवारी गाडी काढून महाबळेश्वर, ठोसेघर, बामणोलीकडे निघायचं, आणि येताना डिकीत बाशिंगाचे खोडके, आमरीची झाडं आणि पोतंभर हिरवं शेवाळ. "मॉस विकत फार महाग पडतं, बाई." महाग पडतं कारण ते कोणीतरी गोळा करून, वाळवून, देशांच्या सीमा ओलांडून पाठवलेलं असतं. महाबळेश्वरच्या जांभूळ-हिरड्याच्या बुंध्यावरचं शेवाळ फुकट दिसतं, कारण त्याचं बिल सह्याद्रीच्या नावावर फाडलं जातं. तो गालिचा बसायला वर्षं लागतात. त्यात पावसाचं पाणी थांबतं, आमरीचं धुळीएवढं बी त्यावर अडकून रुजतं, छोटे नेचे त्यावरच पाय रोवतात. तुम्ही खुरप्याने तो दोन मिनिटांत सोलता, आणि घरी आणून तो पंधरा दिवसांत वाळतो, कारण तो फळीवर बांधायच्या जातीचा मुळी नाहीच. बाजारातलं स्फॅग्नम वेगळं. तेही परवडत नसेल तर नारळाचं सोडण भिजवून, धुऊन वापरा. कोकणच्या शेजारी राहून काथ्याला महाग व्हायची वेळ आपल्यावर आलेली नाही.

कायदाही सांगून ठेवते, म्हणजे माहीत नव्हतं म्हणायला नको. भारतीय वन कायदा 1927 चा आहे. वनोपज म्हणजे काय हे सांगताना त्यात गवत, वेली, लव्हाळे यांच्याबरोबर शेवाळाचंही नाव घेतलेलं आहे. जंगलात मिळालेलं किंवा जंगलातून आणलेलं, दोन्ही त्यात येतं. तेव्हा "पडलेली फांदी होती, तीच उचलली" हे उत्तर चालणार नाही. कोयना हे 1985 पासून अभयारण्य आहे, चांदोली 2004 पासून राष्ट्रीय उद्यान, आणि दोन्ही मिळून 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यातली कलमं 29 आणि 35 वाचा. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काही काढून नेणं हा गुन्हा आहे. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कास, कोयना आणि चांदोली 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, तेव्हा तुम्हीच पेढे वाटले होते. पेढे वाटणाऱ्याच्या डिकीत शेवाळाचं पोतं सापडावं, याची लाज वाटली पाहिजे.

परदेशातून मागवणाऱ्यांनीही ऐकावं. झाड देशात आणायचं तर 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि पाठवणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. कपड्यांच्या पार्सलात गुंडाळून आलेला नेचा ही तस्करी आहे. त्याच्याबरोबर कुठली कीड, कुठली बुरशी आली, आणि ती उद्या शेजारच्या द्राक्षबागेत उतरली तर भरपाई कोण देणार? तुम्ही?

"एका माणसाने चार झाडं आणली तर काय बिघडतं?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. त्याचं उत्तर इंग्लंडने देऊन ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे नेचे जमवायचं वेड लागलं. डॉ. वॉर्ड यांनी काचेची बंद पेटी लोकप्रिय केली होती, त्यामुळे दिवाणखान्यात नेचा जगू लागला. रेल्वे आली होती, सुट्टीत खेड्यात जाणं सोपं झालं होतं. चार्ल्स किंग्जली या लेखकाने 1855 मध्ये या वेडाला नावच दिलं, टेरिडोमेनिया. प्रत्येकाने चारच आणले. किलार्नी नावाचा नाजूक नेचा धबधब्यांच्या ओल्या खडकांवरून इतका ओरबाडला गेला की तो कित्येक जागांवरून नाहीसा झाला. अगदी अलीकडचं हवं असेल तर 2020 ची टाळेबंदी घ्या. फिलिपीन्समध्ये घरात झाडं लावायचं खूळ एकदम वाढलं, आणि जंगलातून झाडं उपटून विकू नका, असा इशारा तिथल्या पर्यावरण खात्याला द्यावा लागला. आता मला सांगा, साताऱ्याहून बामणोलीला रविवारी किती गाड्या जातात?

आपल्याकडे नेच्यांचा अभ्यास करणारी माणसंही होऊन गेली. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातले फादर ब्लॅटर आणि द'अल्मेडा यांनी 1922 मध्ये मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर पुस्तक काढलं. जाती ओळखल्या, कुठे सापडतात ते नोंदवलं, नमुने जपून ठेवले. त्यांनीही झाडं जमवलीच. पण त्यांच्या जमवण्यातून शंभर वर्षांनंतर माझ्यासारखीला शिकवता आलं. तुमच्या जमवण्यातून काय उरणार आहे? फोनची मेमरी भरल्याचा निरोप?

आता सबबी. "वेळ मिळत नाही, बाई." मग मासे पाळू नका, कुत्रा पाळू नका आणि नेचाही पाळू नका. प्लास्टिकचा मिळतो, तो धुता येतो. "विकणाऱ्याने फसवलं." तुम्ही विचारलं होतं का, हे टिश्यू कल्चरचं आहे की जंगलातलं? बायफर्केटम प्रयोगशाळेत भरपूर तयार होतो. सगळी रोपं एकसारखी, स्वच्छ, लहान असतात. ज्या झाडाच्या बुडाला जुनी साल चिकटलेली आहे, ढाल फाटलेली आहे, मुळं कोयत्याने तोडल्यासारखी आहेत, ते कुठून आलं हे सांगायला शेरलॉक होम्स लागत नाही. असं झाड स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. तुम्ही घेतलंत म्हणून तो माणूस पुढच्या रविवारी परत जंगलात जाईल.

गृहपाठ लिहून घ्या. एक बायफर्केटम, विश्वासाच्या नर्सरीतून. सागवानाच्या किंवा फणसाच्या जुन्या लाकडाची फळी. एमडीएफची नको, ती पहिल्या पावसात फुगते. मागे सोडण किंवा स्फॅग्नम, बांधायला काथ्या किंवा जुन्या मोज्याच्या पट्ट्या. नायलॉनचा मांजा घरात सापडला तर माझ्याशी गाठ आहे. त्याने पाखरांचे पंख कापतात आणि त्यावर बंदी आहे. वाढीचा डोळा, म्हणजे जिथून नवी पानं फुटतात ती जागा, कधीही झाकायची नाही. वाळकी ढाल काढायची नाही. लव पुसायची नाही. फळीचं वजन हातात घेतल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. वहीत लिहायचं: कोणत्या महिन्यात पाणी कितीदा लागलं, नवी ढाल कधी आली, बीजाणू कधी धरले. गावाकडे आंब्यावर बाशिंग असेल तर तेही बघायचं, हात न लावता, वर्षातून चार वेळा, आणि त्याचीही नोंद ठेवायची.

हे एक झाड तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे पार करून उभं राहिलं, त्याला पिल्लं आली, ती स्वतःच्या ढालीवर बसली आणि त्यातलं एखादं तुम्ही शेजाऱ्याला पाणी कसं द्यायचं ते शिकवून दिलंत, की मग दुसरी जात घ्यायला तुम्ही पात्र. तोपर्यंत वॉलिचाय नाही, ग्रँडे नाही, थायलंडचं पार्सल नाही. आणि जंगलातलं काही तर कधीच नाही, पात्र झालात तरी नाही.

वही तीन वर्षांनी तपासेन. कोरी निघाली तर नापास.